चिठ्ठी निघेपर्यंत

शनिवारी सकाळी विल्मार वही उघडतो :
कोणाचे तास भरले, कोणाचे राहिले.
निदियाचे चार कमी. पोर तापलं होतं.
तो पेन्सिलीनं लिहितो, खोडता येईल असं.

माँटेव्हिडिओत वारा नदीवरून येतो
आणि ओल्या गिलाव्यावर वाळू फेकून जातो.
आम्ही पुन्हा लिंपतो.
कोणतं घर कोणाचं
ते चिठ्ठ्या टाकून ठरणार,
शेवटची खिडकी बसल्यावर.
तोवर ओळंबा सगळीकडे सारखाच धरायचा.
तिसऱ्या मजल्यावरच्या एका मोरीचा उतार
मी तीनदा पाणी ओतून पाहिला,
न जाणो, कोणाच्या पायाशी तुंबेल.

खाली, रस्त्याच्या अंगाला गाळे :
बूट शिवणाऱ्याचा, पाळणाघराचा,
आणि कोपऱ्यातला ओफेलियाच्या भट्टीचा.
धुराडं कुठून न्यायचं
यावर दोन बैठका भांडणात गेल्या.
निदिया म्हणाली, माझ्याच खिडकीखालून न्या,
आणि मग सगळेच हसले :
तुझी कुठली, ते तुला तरी ठाऊक आहे का?

काल भट्टी पेटवून पाहिली.
ओफेलियानं चाचणीला चार पाव टाकले.
वास जिन्यानं वर चढला.
दारं अजून बसायचीच होती,
शिरला एकेका घरात
चिठ्ठी न काढता.