वर्दाकासचं तोंड धुताना

शनिवार. बादली, साबण, जुन्या मोज्याची चिंधी.
मान जरा खाली कर, थेमेलिस वर्दाकास.
नाही जमत तुला, ठाऊक आहे.
संगमरवराची मान एकदा ताठ झाली की झाली.

कबुतरांना कुणी सांगितलेलं नाही
की शाळा तुझी, घड्याळ तुझं,
चौकातला सिंहमुखी नळ तुझा,
दरीवरचा तीन कमानींचा पूल तुझा,
आणि दरवर्षी संत देमेत्रिओसच्या सणाला
तीन पोरक्या मुलींचा हुंडा, तोही तुझाच.
त्यांच्या लेखी तू म्हणजे
ऊन लवकर येणारी एक जागा.

बारा वर्षांचा होतास म्हणे,
खेचराच्या शेपटीमागे चालत उतरलास हा डोंगर.
ओदेसात गव्हाची कोठारं बांधलीस,
लग्न केलं नाहीस, परतही आला नाहीस.
आलं ते मृत्युपत्र. चौदा पानी.
कलम सातवं मला तोंडपाठ आहे:
मुलगी सालस असावी,
चिठ्ठी चर्चमध्ये सर्वांसमक्ष काढावी,
लग्न वर्षाच्या आत व्हावं.

एकसष्ट साली माझी चिठ्ठी निघाली.
पाद्रीबाबांच्या टोपीतून माझं नाव
असं बाहेर आलं, जसं काही मीच जन्मले पुन्हा.
एव्लाम्बिया, दगडवाल्या स्तेरिओसची नात.
बायकांनी मला धरून तुझ्यापुढे आणलं,
तुझ्या गार हाताला ओठ लावायला लावले.

ज्याच्याशी ठरलं होतं
तो जर्मनीला गेला, कोळशाच्या खाणीत.
दोन पत्रं आली. मग एक फोटो,
त्यात तो होता, आणि एक मोटारसायकल.
मग काहीच नाही.
समितीच्या वहीत अजून आहे ती ओळ,
सुवाच्य अक्षरात:
रक्कम परत जमा. कारण, वर नाही.

कीव आली असेल त्यांना.
शाळेच्या किल्ल्या दिल्या, ही बादली दिली.
साठ वर्षं होत आली, थेमेलिस.
मी तुझं तोंड जितकं धुतलंय
तितकं कुठल्या बायकोनं नवऱ्याचं धुतलं नसेल.

एक सांगू? रागावू नकोस.
शाळेवर तुझं नाव हातभर अक्षरांत आहे.
ती अक्षरं माझ्या आजोबांनी कोरली,
आणि त्यांना वाचता येत नव्हतं.
ओदेसाचे पैसे यायला दोन हिवाळे गेले,
तोवर पाथरवटांनी मक्याच्या भाकरीवर
तुझं पुण्य रचलं, उधारीत.
आपसात ते त्यांच्या चोरट्या बोलीत बोलत,
मालकाला कळू नये अशी बोली.
ती बोली आता कुणालाच कळत नाही.

शाळा बंद होऊन तेरा वर्षं झाली.
शेवटच्या वर्षी चार पोरं होती,
त्यांतली दोन मास्तरांचीच.
घड्याळ साडेचारवर थांबलंय,
पहाटेचे की दुपारचे, वाद घालायलाही माणूस नाही.
हुंड्याचा निधी आहे, व्याजही चढतंय.
पोरक्या मुली मिळत नाहीत.
तुझी हरकत नसेल तर
हे आपलं चांगलंच झालं म्हणूया.

या वसंतात छपराच्या फरश्या बदलायला
सीमेपलीकडून माणूस आलाय, बायको-मुलीसह.
मुलगी आर्लिंदा, नऊ वर्षांची, दात पडलेली.
आजोबांचं गुपित तिनं दुसऱ्याच दिवशी शोधलं:
तिसऱ्या खिडकीखाली, वेलीच्या आड,
मुठीएवढा एक चेहरा
जीभ बाहेर काढून तुझ्याकडे बघणारा.
शंभर वर्षं समितीला दिसला नव्हता.
ती इतकी हसली की बापानं हातोडा थांबवला.

हा कोण, तिनं विचारलं, तुझ्याकडे बोट करून.
तोंडावर आलं होतं, दाता, उपकारकर्ता,
कलमं, पानं, तारखा.
म्हटलं, इथला एक मुलगा. लहानपणी गेला.
कुठे?
तुझा बाप जिथून आला त्याच्या उलट बाजूला.

शिडी धर म्हटलं. धरलीन.
तुझ्या डाव्या कानात माती साचते,
दरवर्षी तिथे गवताचं एक पातं उगवतं.
बाकी सगळं घासते मी.
ते तेवढं राहू देते.