काल दिसले होते

खिडकीत बसून मी बोटीची तिकिटं फाडते.
मोठ्यांना अठरा पौंड, मुलांना अकरा,
कुत्री फुकट, पण उलटी झाली तर तुम्हीच पुसायची.
दिवसातून चाळीसदा एकच प्रश्न येतो:
डॉल्फिन नक्की दिसतील ना?
मी म्हणते, काल दिसले होते.
काल तपासायला कुणी येत नाही.

बालनेसमध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे
असं पत्रकात छापलंय. मजकूर माझाच.
दीपगृह: एकशे सव्वीस पायऱ्या, मंगळवारी बंद.
किल्ला: म्हणजे दीड भिंत आणि सात मेंढ्या.
संग्रहालय: जाळी विणायच्या सुया,
हेरिंग चिरणाऱ्या बायकांचा फोटो,
सगळ्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.
डावीकडून तिसरी माझी पणजी.
हे पत्रकात नाही.

आज वारा असा की बोट रद्द.
फळ्यावर खडूने लिहिलं, ते पावसानं पुसलं,
मग एकेकाला तोंडानं सांगत बसले.
शिव्या खाल्ल्या, दोन जर्मन मात्र सॉरी म्हणाले,
जणू वारा त्यांनीच आणला होता.

शेवटी एक बाप आला, बसनं, इन्व्हरनेसहून.
सोबत मुलगी, आठेक वर्षांची,
पिवळ्या रेनकोटच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या,
गळ्यात तिच्या डोक्याएवढी दुर्बीण.
पुढच्या शनिवारी या, मी म्हटलं.
"पुढचा शनिवार आईचा," ती म्हणाली,
वेळापत्रक वाचून दाखवावं तशी.
मी पैसे परत दिले. त्यानं मोजले नाहीत.

दोघं धक्क्याच्या कठड्यापाशी बसली,
समुद्राकडे पाठ करून, वारा तोंडावर नको म्हणून.
मांडीवर कागदात मासा आणि चिप्स, व्हिनेगर जरा जास्तच.
एक सीगल आला, थोराड, गावगुंडासारखा,
त्यानं बापाच्या हातातून अख्खा मासा नेला.
बाप उभा राहून त्याला वकिलासारखा
काही तरी ठणकावून सांगू लागला,
आणि मुलगी हसली.
दुर्बिणीवर डोकं टेकवून, पाय आपटत,
उचकी लागेपर्यंत हसली.

तेव्हा त्यांच्या पाठीमागे, बोयाच्या अलीकडे,
ते वर आले.
तीन. मग एक छोटा, आईला चिकटून.
राखाडी पाण्यातून राखाडी पाठी,
इतक्या जवळ की श्वासाचा फुत्कार मला खिडकीत ऐकू आला.
हेक्टर दोरखंड गुंडाळत होता, त्यानंही पाहिलं.
माझ्याकडे बघितलं.
मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.
तो परत दोरखंडाला लागला.
मी तोंड मिटलं.
का, ते अजून नीटसं सांगता येत नाही मला.

पावणेसहाच्या बसआधी ती खिडकीशी आली,
गालाला मीठ, केसांत वारा.
माझा बिल्ला वाचला, "सेंगा,
आज तुला दिसले का गं?"

मी म्हटलं, काल दिसले होते.

बस चार मिनिटं उशिरा आली.
तो तिला दोन्ही हातांनी चढवत होता,
तिला चांगलं चढता येत असूनही.