तक्ता चार

मांगरात बाकं नव्हती. रापणीच्या जाळ्यावरच
बसल्या बाया; जाळं अजून ओलसर होतं.
प्रोजेक्टर मी पुण्याहून आणलेला,
पण भिंत चिऱ्याची, तांबडी. तिच्यावर काही उमटेना.
लाडू मायबाने जुनं शीड आणून टांगलं.
त्यावर आलेख आला,
मधोमध ठिगळ.

दोन वर्षांपूर्वी, वादळानंतरच्या अकराव्या दिवशी
मी याच जुवेवाडीत दारोदार फिरले होते.
एकशे एक्केचाळीस घरं, बेचाळीस प्रश्न.
पिण्याचं पाणी किती दिवस नव्हतं? जाळी किती गेली?
झोप लागते का, एक ते पाच यांत सांगा.
त्यांनी सांगितलं.
इंदुमती कुबलने तर कौलं उडालेल्या पडवीत
कोरा चहा दिला, साखर शेजारून उसनी आणून.
मग संध्याकाळची तर सुटली,
आणि मी फिरकले नाही.

आता सांगत होते. निष्कर्ष पहिला :
खाडीकडच्या नऊ विहिरींपैकी सहा अजून मचूळ.
"ता आमका ठावक आसा," इंदुमती म्हणाली,
"पेज पितानाच कळता."
निष्कर्ष दुसरा : मदतीच्या यादीतून सुटलेली घरं
बहुतेक एकट्या बायकांची.
यावर कुणी बोललं नाही.
तिघींनी एकाच वेळी खाली जाळ्याकडे पाहिलं.

"प्रतिसादक म्हणजे कोण गो?"
म्हणजे... तुम्ही.
"मगे तुमी म्हण."

घरांना आकडे दिलेत, नावं नाहीत,
तुमची ओळख उघडी पडू नये म्हणून, मी समजावलं.
"वादळाक नाव दिल्यानी. आणि माका सदुसष्ट?"
सगळ्या हसल्या. मीही. जरा उशिरा.

भागीरथी खवणेकर हसली नव्हती.
ती उठली, शिडाजवळ गेली, बोट टेकवलं.
"ह्या काय?"
तक्ता चार. मृत्यू : शून्य.
"माझो घोव खंय आसा ह्येच्यात?"

मी सांगू लागले, की पहिल्या बहात्तर तासांत
झालेले मृत्यूच आम्ही...
तो नवव्या दिवशी गेला होता.
माड अंगावर पडला नाही, लाटेने नेलं नाही.
साधा ताप. गोळ्या पलीकडच्या काठाला,
तर फुटलेली,
आणि मध्ये खाडी, रोजचीच.
"म्हणजे तेना घाई करूक होयी होती,"
ती म्हणाली, बांगड्याचा भाव विचारावा
तितक्या शांतपणे.

तेव्हा मला तिचं दार आठवलं.
अकरावा दिवस. कोपऱ्यात पणती.
मी उंबऱ्याबाहेरूनच फॉर्मवर लिहिलं होतं :
उत्तर देण्यास असमर्थ.
आणि पुढच्या घरी गेले होते, कारण
ऊन चढत होतं आणि चव्वेचाळीस घरं उरली होती.

लाडूला शीड परत हवं होतं. त्याने ते सोडलं.
दिवा बंद करायचं मला सुचलं नाही,
तक्ता चार भागीरथीच्या पाठीवर पडला,
लुगड्याच्या चुण्यांवर आकडे वाकडेतिकडे,
शून्य कुठेतरी खांद्यापाशी.
ती वळली नाही. तिला दिसतही नव्हतं.

अहवालाची पानं मी गोळा करू लागले,
तशी इंदुमती म्हणाली, "ती ऱ्हवांदेत हय.
लिवचा आसा आमका त्येच्यार."
मग दारातून, मागे न बघता :
"चाय घेतलंय काय? साखर आसा आता."