झाकली मूठ

इर्बिदच्या सरकारी इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री तीन चाळीसला
माझ्या डाव्या हातात एक काचेची कुपी होती.

बोटभर. पारदर्शक.
शेजारणीसारखीच हुबेहूब,
फक्त शेजारणीत मिठाचं पाणी, नळी धुवायचं,
आणि हिच्यात पोटॅशियम.
एकाच खणात
दोघी बहिणी बहिणी निजलेल्या.

हिची मान मी मोडली होती.
सिरिंज भरली होती.
हाजी मुफलेहच्या गळ्याशी लावलेल्या
नळीच्या तोंडापर्यंत आणली होती,
आणि का कोण जाणे, लेबल पुन्हा वाचलं.

का कोण जाणे, हे खोटं.
सात नंबरचा पंप ओरडला,
मी वैतागून वळले,
परत वळताना उजेड लेबलावर पडला.
एवढंच.
कौशल्य नव्हे. वैताग.

कोणी पाहिलं नव्हतं.
गदीर फायलीत, डॉक्टर खुर्चीत पेंगत,
हाजी औषधाच्या झोपेत,
पडद्यावर त्याचं हृदय
हिरवे डोंगर काढत चाललेलं, बिनघोर.
सिरिंज मी पिवळ्या डब्यात टाकली.
कुपी टाकली नाही.
खिशात. आणि हात पुन्हा पुन्हा तिकडे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
हिची किंमत मला ठाऊक होती:
सहा मुलं, बनी किनानाकडची ऑलिव्हची झाडं,
आणि दाराबाहेर चपला पायाशी घेऊन
बाकावर झोपलेली हाजीची बायको.

मूठ मिटायला आम्हाला कोणी शिकवलं नाही.
मुनीराने दोन वर्षांपूर्वी लाल फॉर्म भरला होता.
इन्सुलिन, दहाच्या जागी वीस.
तासाभरात सावरलाही होता तो पोरगा.
पहिला रकाना: जबाबदार व्यक्तीचं नाव.
तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं.
पुढच्या रविवारी ती तळघरात,
जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत.

त्यानंतर आमच्या विभागात
वर्षभर एकही चूक झाली नाही.
कागदावर.
संचालकांनी केक आणला. पिस्त्याचा.
आम्ही खाल्ला.

सकाळी इन्तिसार आली,
नवी मुख्य परिचारिका, गुडघ्यांना पट्टे,
थर्मासमध्ये वेलचीची कॉफी.
ती रोज विचारते, रात्री धडकी कशाने भरली?
आम्ही रोज म्हणतो, अल्हम्दुलिल्लाह, कशाने नाही.

त्या दिवशी ती आधी स्वतःचंच बोलली.
"परवा चारच्या पिशवीला मी पाचची चिठ्ठी लावली.
रुबाने पकडलं. इतक्या हळू बोलली की
तिला तीनदा विचारावं लागलं.
रुबा, पुढच्या वेळी ओरड."
रुबा लाल झाली.
आम्ही कपांच्या तळाशी बघत राहिलो.

मी खिशातून हात काढला.
मोडक्या कडेने तळव्यावर
केसाएवढी रेघ उमटली होती, रक्त वाळलेली.
कुपी टेबलावर ठेवली.
आवाज झाला, अगदी छोटा.

ती "शाब्बास" म्हणाली नाही.
"असू दे" म्हणाली नाही.
चष्मा वर करून कुपी उजेडात धरली,
मग म्हणाली,
"या दोघी एकाच खणात का होत्या?"

त्या प्रश्नात मी नव्हते.
मी त्यात स्वतःला शोधत होते, सवयीने,
आणि सापडत नव्हते.

लाल फॉर्म तिने स्वतः ओढला,
पहिल्या रकान्यात लिहिलं:
तिसरा खण.

महिन्याने पोटॅशियमला वेगळं कपाट आलं,
कुलूप अडकतं, किल्ली दोनदा फिरवावी लागते,
आम्ही त्याला शिव्या घालतो.
यंदा आमच्या विभागात एकोणीस चुका.
केक नाही.
हाजी चालत घरी गेला, काहीच न कळता,
आणि नोव्हेंबरात तेलाचा डबा पाठवला,
तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना.

वाटीभर तेल नि गरम खुब्ज घेऊन
मी तळघरात उतरले.
मुनीराला सगळं सांगितलं. कुपी, खण, कुलूप.
तिने भाकरी मोडली, तेलात बुडवली,
बराच वेळ चावत राहिली.

मग विचारलं,
"माझ्या वेळी
कुठलाच खण नव्हता का गं?"