आज बोट नाही

फाविन्याना बेटावर आम्ही तेवढं सगळं पाहिलं
जेवढं पाहून झाल्यावर माणूस बाकावर बसतो.
ट्यूना माशांचा बंद पडलेला कारखाना, आता संग्रहालय.
दगडाच्या खाणी, चौकोनी, रिकाम्या,
एकीच्या तळाशी कुणीतरी लिंबं लावलेली.
एर्सिलिया माहितीपुस्तकात पेन्सिलीने खुणा करत होती,
सूतगिरणीच्या हिशेबवह्यांत करायची तशाच,
बारीक आणि निर्दय.

लेव्हान्झोच्या गुहेत वाकून शिरावं लागलं.
चाळीस वर्षं बेर्गामोत मी लिफ्ट दुरुस्त केल्या,
अख्ख्या गावाला न चढता वर पोचवलं,
माझ्या गुडघ्यांना त्याचं काही पुण्य लागलेलं नाही.
गास्पारे नावाचा पोरगा भिंतीवर दिवा फिरवत म्हणाला,
हा मासा. ही माणसं, नाचताहेत बहुतेक.
आणि हे हरीण, मागं वळून बघणारं.
त्या हरणापाशी ती बराच वेळ थांबली.
काय गं, मी विचारलं.
काही नाही, म्हणाली, मान अवघडली असेल त्याची.

मारेत्तिमो सगळ्यात लांबचं.
दोन रात्री, मग घर, असं ठरलेलं.
तिसऱ्या सकाळी धक्क्यावरच्या खिडकीत पुठ्ठा लटकत होता:
आज बोट नाही.
पश्चिमेचा वारा.
उद्या? तिकीटवाल्यानं खांदे उडवले.

माहितीपुस्तकातलं बेट संपलं होतं.
घरमालकीण क्रोचिफिस्सानं आमच्यापुढे घमेलं आणून ठेवलं,
केपरच्या कळ्यांचं, देठं खुडायला.
बसून काय करणार, म्हणाली.
दुपारपर्यंत आम्ही खुडत बसलो,
बोटं हिरवी झाली,
आणि लग्नात कोण रुसलं होतं यावर थोडं भांडलो.

मग एर्सिलिया उठली, चल म्हणाली.
गावाच्या बाजूला डोंगराचा आडोसा होता,
पलीकडे समुद्र डोकं आपटत असताना
इथलं पाणी पाटावर वाढल्यासारखं स्वस्थ.
तिनं चपला काढल्या. मग झगा काढला.
आत काळा पोहण्याचा पोशाख,
काखेत किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

एक्केचाळीस वर्षं, आणि मला हे माहीत नव्हतं
की ही बाई पोहते.
पाण्याला पाय लावून बघणं नाही, ई थंड असं म्हणणं नाही,
सरळ आत, खांदे, डोकं,
मग दूरवर एक पांढरा ठिपका,
ज्याला मी रोज सकाळी कॉफी देतो.

मी टॉवेल धरून उभा.
मधल्या मजल्यावर लिफ्ट अडकली की
मी बाहेरून दाराला तोंड लावून बोलत राहायचो,
घाबरू नका, मी इथंच आहे,
आत किती जण आहात, श्वास घ्या.
आताही तेच तोंडातून निघालं, मोठ्यानं.
जाळं शिवणारा एक म्हातारा मान वर करून बघायला लागला.
एर्सिलिया तर उताणी होऊन तरंगत होती,
तिला ऐकूही गेलं नसेल.

किती वेळ, सांगता येत नाही.
घड्याळ तिच्या पिशवीत होतं, पिशवी माझ्या काखेत,
आणि दोन्ही हात टॉवेलात गुंतलेले.

बाहेर आली तेव्हा ओठ निळे, दात वाजताहेत,
आणि चेहरा असा, की मी ओळख करून द्यावी आपली.
कुणी शिकवलं?
इझेओच्या तळ्यात. मावशीकडे असताना.
मावशीनं?
मावशीला कुठं येत होतं पोहायला, ती म्हणाली,
टॉवेल दे, ओत्ताव्हियो, कुडकुडतेय मी.

दिला.
चिठ्ठी दातांनी तोडली तिच्या काखेतली.
खारट लागली. अठ्ठावीस युरो.

चौथ्या दिवशी बोट आली.
क्रोचिफिस्सानं केपरची बाटली दिली, मिठातली,
दोन महिने उघडू नका म्हणाली.
खिडकीच्या काचेवर मीठ साचलेलं, बाहेरचं काही दिसेना.
एर्सिलिया तोंड उघडं टाकून झोपली,
केस अजून ओले होते,
म्हणजे पहाटे, मी घोरत असताना,
ती परत जाऊन आली होती.