दुभाषी

बालकल्याण समितीच्या खोलीत
माझी खुर्ची दोन्ही बाजूंच्या मध्ये, किंचित मागे.
एका बैठकीचे तीनशे रुपये, तेही मार्च संपता संपता.
काम एवढंच : इकडचं तिकडे न्यायचं,
वाटेत सांडायचं नाही,
पदरचं घालायचं नाही.

पार्वता मुचंडीकर, तालुका खानापूर.
काजूच्या कारखान्यात रात्रपाळी.
चिकानं बोटांची सालं गेलेली,
अंगठा टेकवला तर रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
मुलगी अर्पिता, पंधरा वर्षं दोन महिने.
हळदीच्या दिवशी गाड्या आल्या,
तेव्हापासून बालमंदिरात. आज एकोणिसावा दिवस.
हातांचा पिवळा गेलाय.
नखांच्या कडेला आहे अजून.

अध्यक्षबाई फायलीतून विचारतात, "तायी यारु?"
मी तोंड उघडायच्या आत
पार्वता सांगून मोकळी :
"ताई न्हाई तिला. हीच थोरली."
कारकून हसतो.
मी सांगते, अहो, तायी म्हणजे आई.
"आई व्हय? मग मीच की. आणि कोण असतंय?"
तेही मी तिकडे नेते,
पण 'आणि कोण' माझ्याच हातात राहतं.

मग ती थांबत नाही.
"रातपाळीला मी जातो, घरात पोर एकटी.
कोण तरी कडी वाजवून गेला. दोनदा.
चौकीत गेलो तर म्हणाले, नाव सांगा.
कडीला काय नाव असतंय?
म्हणून भावाचं घर बघितलो,
दाराआड चार माणसं तरी हाईत.
तवा एक गाडी आली न्हाई.
हळदीला दोन आल्या.
माझ्या पोरीवर माझा हक्क न्हाई काय?"

हक्क. सोपा शब्द.
शेवटी उकार लावला की सीमा ओलांडतो : हक्कु.
उकाराच्या जागी वेलांटी पडली
तर हक्कि, म्हणजे पाखरू.
मी जपून उकार लावते.

अध्यक्षबाई चष्मा काढतात. कलम सांगत नाहीत.
म्हणतात, मागच्या महिन्यात याच बाकावर
सोळा वर्षांची एक बसली होती, मांडीवर बाळ.
तिच्या हळदीला कुणी फोन केला नव्हता.
हे मी मराठीत आणते.
पार्वता बाकाकडे बघते,
थोडी सरकून बसते.

आता मुलीला विचारतात.
मी पुढे झुकते. तिला माझी गरज नसते.
नववीला कन्नडात एक्क्याण्णव, फायलीत आहे.
टेबलाच्या कडेकडे बघत,
शाळेत कविता म्हणावी तशी, स्वच्छ :
"ना इल्ले इरतेनि."

पार्वताचा चेहरा उजळतो.
या मुलखात एवढं कन्नड
कडेवरच्या पोरालाही येतं.
"इल्ला म्हणाली! न्हाई म्हणाली बघा,
न्हाई राहत हितं. व्हय की न्हाई ओ बाई?"
आणि पिशवी उचलते.
पिशवीत पोरीची चप्पल,
खोबरेल तेलाची अर्धी बाटली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले काजूचे तुकडे.

इल्ला म्हणजे नाही.
इल्ले म्हणजे इथेच.
एका काना-मात्रेचा फरक,
आणि तो मला आईला सांगायचाय.

अर्पिता पहिल्यांदाच माझ्याकडे बघते.
आईला कळू नये म्हणून ती त्या भाषेत बोलली,
की मी सांगावं म्हणून?
नऊ वर्षं हे काम करते मी.
डोळ्यांतलं भाषांतर
माझ्या पगारात नाही.

"काय म्हणूलाली ती? सांगा की."

मी म्हणते, "बसा जरा, पार्वताबाई."

अध्यक्षबाईंची मान वर होते.
"एनु हेळिद्रि?"
काय सांगितलंत तुम्ही त्यांना?

खरंच,
हे वाक्य तर खोलीत कुणाचंच नव्हतं.