बावीस अंशांवर

लाल रक्त चार अंशांवर शहाण्यासारखं पडून राहतं.
प्लाझ्मा तर दगड होऊन झोपतो, वर्ष-वर्ष.
प्लेटलेट्सचं तसं नाही.
त्यांना गारठा सोसत नाही.
हुडहुडी भरली की त्या गोल चकत्यांना काटे फुटतात,
मग यकृत त्यांना उंबऱ्यावरूनच हाकलतं.

म्हणून हाम्मरफेस्टच्या या तळघरात,
बाहेर उणे एकोणीस असताना,
एक कपाट बावीस अंशांवर असतं
आणि त्याचे कप्पे डावीकडे, उजवीकडे,
डावीकडे, उजवीकडे,
रात्रभर.
पाळणा म्हणा हवं तर. मी म्हणत नाही.
पाळण्यातली पोरं मोठी होतात.

आज कप्प्यात एकच पिशवी उरलीय,
ताकाच्या निवळीसारखी पिवळट.
चिठ्ठीवर: सोमवार, रात्री बारापर्यंत.

समुद्र इथे गोठत नाही.
दक्षिणेकडून कुठलासा उबदार प्रवाह येतो म्हणतात.
बाकी सगळं गोठतं: कुलुपं, डिझेल, पापण्यांचे केस,
मागच्या वर्षी तर चर्चच्या घंटेची दोरीसुद्धा.
आणि तिकडे आल्तामध्ये नऊ वर्षांचा ईस्साट आहे,
त्याचं रक्त गोठत नाही.

पोटऱ्यांवर लाल ठिपके उठले तेव्हा
मावशीला वाटलं, नवे लोकरी मोजे टोचत असतील.
तिने मोजे उलटे करून घातले.
ठिपके मांड्यांवर चढले.
दीड लाख हवे तिथे चार हजार.
आज दुपारपासून नाक वाहतंय,
तीन टॉवेल झाले, असं फोनवरची नर्स म्हणाली,
आणि टॉवेलांचा रंग सांगायला लागली तशी मी म्हटलं, कळलं.

विमान उडणार नाही. वाऱ्याने धावपट्टीच दिसत नाहीये.
घाटमाथ्याचा रस्ता बंद.
म्हणजे बर्फाचा नांगर पुढे घालायचा
आणि त्याच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून
माणसाच्या चालीने जायचं, सेन्नालानच्या पठारावरून.

देण्याआधी मी पिशवी दिव्यासमोर धरते,
हलकेच दाबते.
जिवंत असल्या तर आत काहीतरी झुळझुळतं,
रेशीम वळावं तसं, धुरासारखं.
पाहुणे म्हणतात, हे तर उत्तरेचे दिवेच!
नाही हो. ते आभाळात असतात, फुकट असतात.
हे आर्नफिन टोफ्टेच्या दंडातून आलंय,
दीड तास सुई, एक वर्तमानपत्र,
आणि दोन वॅफल, त्यातलं एक बायकोसाठी खिशात.

नाव मला दिसतं. मला दिसलेलं मी विसरायचं असतं,
तशी सही केलीय मी.

माग्नहिल्डने खोका मांडीवर घेतला.
एक दिवस न हलवता चालतं, असं नियमपुस्तकात आहे.
गाडी सुटताना पाहिलं:
तिचे गुडघे डावीकडे, उजवीकडे.

साडेनऊला रेडिओ खरखरला:
पठारावर नांगर लागला पुढे.
कोण आहे नांगरावर?
टोफ्टे.

मी खुर्चीत बसले.
रिकामं कपाट हलतच होतं, ते बंद करायचं सुचलं नाही.
तो पुढे बर्फ फोडत चाललाय
आणि त्याच्या मागे तीस मीटरवर
त्याचंच थोडंसं, अंगाच्या उबेत,
त्याच्या दिव्याच्या मागोमाग.
सांगावंसं वाटलं. रेडिओचं बटण हाताशी होतं.

अकरा चाळीसला पिशवी लटकवली, असा निरोप आला.
पुढचं मला कळवत नाहीत.
दुसऱ्या दिवशी चौथ्या टॉवेलबद्दल कुणी फोन केला नाही,
एवढंच माहीत.

तीन आठवड्यांनी आर्नफिन आला, बूट झटकत, कुरकुरत.
म्हणे, त्या रात्री एका गाडीसाठी उठवलं मला,
आणि मागची बाई सारखी म्हणे, सावकाश, सावकाश.
आत काय अंडी होती?

मी म्हटलं, बाही वर कर.
आज कुठला दंड?